न्यायला आलेलं माणूस

“जीपमध्ये बसतेस की उचलून टाकू?” मी ओरडले.

पारुल जागची हलली नाही. एसटी थांबायची त्या मोहाच्या झाडाखाली ती पाय पसरून बसली होती. ते पाय बघूनच माझा जीव खालीवर होत होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सूज. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. पहिलटकरीण, नववा लागलेला, उंचीला जेमतेम माझ्या खांद्याएवढी. रक्तदाब एवढा आला होता, की यंत्र बिघडलं असं समजून मी दोनदा पट्टा बांधला होता.

“अकराची गाडी येऊन जाऊ दे, दिदीमणी,” ती म्हणाली. “बाबा आले आणि मी नसले, तर चुकामूक व्हायची.”

अकराची गाडी आली. मिठाचं एक पोतं उतरलं, एक म्हातारा चढला, आणि गाडी धूळ उडवत गेली. पारुल हात टेकून उठली, पदर सावरला आणि घराकडे चालू लागली. रोजचंच होतं तिचं ते. तीन महिने झाले होते.

“बांबोळेबाई,” आमचा ड्रायव्हर बिडी विझवत म्हणाला, “या अकरा नंबरात तुमचं ऐकणारं एखादं कुत्रं तरी हाय का जी?”

मी त्याला असं काही सुनावलं की परतीच्या वाटेवर तो चकार शब्द बोलला नाही. तेव्हा माझं तोंड फारच वाईट होतं. आता साठी-सत्तरी ओलांडली, दात गेले, तसं थोडं निवळलं म्हणतात.

ही पन्नास वर्षांमागची गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही चांदा जिल्ह्यात मोडायचो. पूर्व पाकिस्तानातून घरदार सोडून आलेल्या बंगाली लोकांना सरकारने आमच्याकडच्या जंगलात जमिनी दिल्या, वस्त्या वसवल्या. वस्त्यांना नावं द्यायचं कुणाला सुचलं नाही, नंबर दिले. मी आंबेटोल्याच्या दवाखान्यात नर्स होते, आणि अकरा नंबर माझ्याकडे होता. मधे मोठा नाला. उन्हाळ्यात त्यातून जीप जायची. आषाढ अर्धा झाला की हत्ती बुडेल एवढं पाणी, ते थेट पोळ्यापर्यंत.

आदल्या पावसाळ्यात अकरा नंबरातल्या दोघी गेल्या. एक बाळंत होताना रक्त जाऊन, दुसरी झटके येऊन. दुसरीला बाजेवर घालून नाल्यापर्यंत आणलं होतं. त्या काठावर ती बाज, या काठावर मी हातात इंजेक्शनची पेटी घेऊन उभी, आणि मधे ते गढूळ पाणी. तिचा नवरा पलीकडून हातवारे करून मला विचारत होता, आता काय करू? दुपारी त्यांनी बाज परत फिरवली. ती फिरलेली बाज मी अजून विसरलेले नाही.

म्हणून त्या वर्षी मी चंग बांधला होता. दिवस भरत आलेलीला नाला भरायच्या आधी अलीकडे आणायची, माझ्या क्वार्टरात ठेवायची, आणि वेळ आली की दवाखाना चाळीस पावलांवर. बाकीच्या दोघी-तिघींचे दिवस दूर होते. अडलं होतं ते पारुलचंच घोडं.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवर गेले. या वेळी साडी घेतली, नारळ घेतला, तांदूळ घेतले. म्हटलं, रीतसर ओटी भरून नेते, मग कोण नाही म्हणतं बघू!

पारुलची सासू ननीबाला अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. पांढरं लुगडं, वाळक्या काडीसारखी बाई, पण नजर अशी की पोलीसही रस्ता सोडेल. तीन वर्षांत त्यांची भाषा मला बऱ्यापैकी कळायला लागली होती. बोलायचे मात्र मोडकंतोडकं.

“साडी छान आहे,” ती म्हणाली. “कुणाकडून आणलीस?”

“माझ्याकडून.”

“तू कोण तिची?”

“अहो मावशी, मी नर्स! तिच्या जिवावर बेतलंय. बाप बाप करत बसेल आणि एक दिवस—”

“थांब.” तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसली. “पहिलं बाळंतपण बापाच्या घरी. बापाकडचं माणूस मासा घेऊन येतं, हाक मारतं, घेऊन जातं. तुमच्यात काय रीत आहे?”

“तीच,” मी म्हणाले. “माहेरी.”

“मग? हिचं लग्न झालं सीमेवरच्या छावणीत. आम्हाला गाडीत घातलं त्या दिवशी हिचा बाप फलाटावर उभा होता. त्याची बायको आजारी, त्याला राहावं लागलं. खिडकीतून हात घालून त्याने हिच्या डोक्यावर ठेवला, म्हणाला, पहिल्या वेळेला मी न्यायला येईन. तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. मला ठाऊक आहे तो येणार नाही. जिवंत आहे की नाही, देव जाणे. पण मी तिला कशी सांगू?”

“सांगू नका. नुसती पाठवा माझ्याबरोबर.”

“दिदीमणी, तू मनाने चांगली आहेस,” ननीबाला म्हणाली, “पण तू जीप घेऊन येतेस. आम्हाला पाच वेळा नेलं. या छावणीतून त्या छावणीत. दर वेळी सरकारी गाडी यायची, कुणीतरी ओरडायचं, चला, बसा, उचला. जाताना माझी पोटची दोन पोरं वाटेत गेली. आता माझ्या घरातलं माणूस कुणी उचलून नेणार नाही. हाक मारून नेईल, तरच जाईल.”

मला आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं. उचलून टाकू का! शरमेने मान वर होईना. मी साडी पिशवीत कोंबली आणि निघाले. दाराआड पारुल उभी होती. तिने हळूच विचारलं, “उद्या गाडी येईल ना? पाऊस पडला तर गाडी बंद करतात का?”

“येईल,” मी म्हणाले.

डोंगराकडे आभाळ काळं होऊन बसलं होतं. फार तर चार दिवस. सायकल मी घराकडे वळवायला हवी होती, पण ती वळवली नदीकडे, माझ्या माहेरच्या गावाच्या वाटेला. सात वर्षांत त्या वाटेला मी चाक लावलं नव्हतं.

माझा बाप, डोमाजी मारबते, जातीने ढिवर. वैनगंगेवर त्याच्यासारखा मासे धरणारा नव्हता, आणि त्याच्यासारखा हेकटही नव्हता. मी प्रभाकरशी लग्न केलं. तो आमच्याच दवाखान्यात कंपाउंडर, जात वेगळी. बापाने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हणाला, “जा.” आणि मग माझं नाव घरात कुणी काढलं नाही. आई तर आधीच गेली होती.

तो काठावर डोंगा उलटा घालून बसला होता, भेगांत डांबर भरत. किती म्हातारा झाला होता! पाठीच्या मणक्यांची माळ मोजता आली असती. मी सायकल टेकवली. त्याने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं, डांबर भरत राहिला.

मी काय काय ठरवून गेले होते. तोंडातून निघालं एवढंच, “मासा पाहिजे.”

“केवढा?”

“मोठा. रोहू. खवले-शेपटीसकट अख्खा. न्यायला जाताना नेतात तसा.”

“कोनाले न्यायचं हाय?”

“एक पोरगी बसलीय. पहिली वेळ आहे. बाप येईल म्हणून रोज रस्त्यावर येऊन बसते. तो यायचा नाही.”

त्याचा हात थांबला. “कितवा हाय?”

“नववा लागला. पायांवर सूज आहे.”

त्याने मान उचलून माझ्या पोटाकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नीट पाहिलं ते असं.

“माझा नाही,” मी म्हणाले. “माझा सात वर्षांपूर्वी होता.”

तो डबड्यातलं डांबर ढवळू लागला. मग मीच बोलले. राग यायचा तर येऊ दे म्हटलं. “माझ्याही पायांवर अशीच सूज होती, बाबा. मी नर्स. मला कळत नव्हतं होय? प्रभाकर हात जोडून सांगत होता, चांद्याला मोठ्या दवाखान्यात चल. मी म्हणायचे, आज नको, आज बाबा येतील. आले आणि कुलूप बघून परत गेले तर? रोज हेच. आठव्यात झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा पोर पुरून झालं होतं. मुलगी होती. आणि डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा होणे नाही.”

नदीवर बगळे बसले होते. एक उडाला, मग बाकीचे उडाले. बाबाने डांबराचं डबडं बाजूला ठेवलं, हात वाळूत घासले आणि विचारलं, “गाव कोनतं म्हनली?”

“अकरा नंबर.”

“मासा उद्या भेटन,” तो म्हणाला आणि पुन्हा डोंग्याकडे वळला. मी निघाले. येताना वाटभर रडत आले. कशासाठी, ते विचारू नका. एवढं बोलले आणि त्याला साधं ‘अरेरे’ म्हणता आलं नाही!

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला मी मोहाच्या झाडापाशी पोहोचले तर पारुल बसलेलीच. मी मासा येईल म्हणून नाल्याच्या दिशेने बघत होते. मासा आला, आणि त्याच्यामागे बाबाही आला. धुतलेलं धोतर, लग्नाकार्यात घालायची बंडी, डोक्याला पागोटं, आणि खांद्यावर काठीला अडकवलेला हाताएवढा लांब रोहू. आम्हाला दोघींना ओलांडून तो सरळ वस्तीत शिरला. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, आणि ननीबालाच्या अंगणाबाहेर उभा राहून खणखणीत आवाजात हाक मारली, “अवो इहीनबाई! पोरीले न्यायले आलो जी!”

वस्ती गोळा झाली. ननीबाला दारात आली. मी पारुलला धरून धरून मागे पोहोचले तेव्हा दोघं एकमेकांसमोर उभी होती.

“कोण तुम्ही?” ननीबालाने विचारलं.

“पोरीचा बाप,” बाबा म्हणाला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती.

कुणीतरी हसलं. ननीबालाने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि हसू बंद पडलं. तिने मासा हातात घेतला. विधवा झाल्यापासून मासा सोडलेली ती बाई, पण कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला, शेपटीवरून बोट फिरवलं.

“कुठल्या नदीचा?”

“वैनगंगेचा.”

“जाळं कुणाचं?”

“माहंच. माह्याच हातानं विनलं.”

तिने त्याचा उजवा हात ओढून उलटा केला. जाळं विणताना सुतळी जिथून सरकते तिथे, करंगळीच्या पेराला, त्याला जाड घट्टा होता. ननीबाला तो घट्टा कितीतरी वेळ बघत होती.

“माझ्या नवऱ्याला इथेच होता,” ती म्हणाली. मग घरात वळून आपल्या मुलाला, पारुलच्या नवऱ्याला, हाक मारली, “निताई, बसायला चटई टाक. व्याही आलेत!”

पण खरा प्रश्न पारुलचा होता. ती पुढे आली.

“तुम्ही माझे बाबा नाही,” ती म्हणाली. मी सांगितलं त्याला.

“नाई, माय.”

“माझे बाबा येतील?”

होय म्हण, असं मी मनात ओरडत होते. बाबा खाली बसला, तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं.

“त्याची वाट लय लांब हाय,” तो म्हणाला. “मधात किती नद्या हायेत, मले नाई मालूम. त्यानं बोल देला व्हता, तो कोनीतरी पुरा करा लागते ना? म्हून मी आलो.”

“त्यांनी सांगितलं तुम्हाला?”

“बापाले सांगा लागत नाई, माय.”

बाई गं! हे माझ्यासमोर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, वाटलं हाताला धरून विचारावं, मग सात वर्षांपूर्वी तुला काय झालं होतं? पण मी ते वाक्य बंगालीत सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. सांगताना आवाज फुटला, तर निताईला वाटलं मला शब्द सापडत नाही.

रस्त्यावर हॉर्न वाजला. अकराची गाडी. पारुलने मान वळवली, धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली. कुणी उतरलं नाही. मग ती वाकली, पोट सांभाळत, आणि माझ्या बापाच्या पाया पडली.

नाल्याला पाणी वाढलं होतं, मांडीपर्यंत. बाबाने डोंगा नदीतून नाल्यात चढवून आणला होता. तिला मधे बसवलं, मला मागे, आणि बांबू टेकत टेकत असा नेला की पोटातलं पाणी हललं नाही. अकरा नंबरातल्या बायका काठावर उभ्या राहून जिभेने उलूचा आवाज काढत होत्या. त्यांच्यात मंगल कार्याला काढतात तो. पारुल मात्र मागे वळून रस्त्याकडेच बघत होती.

क्वार्टरच्या ओसरीवर आम्ही पोहोचलो तर प्रभाकर तांब्या घेऊन बाहेर आला. सासऱ्याला तो पहिल्यांदाच बघत होता. “घ्या मामा,” म्हणाला.

बाबाने हात आडवा केला. “लेकीच्या घरचं पानी चालत नाई. तिले लेकरू होईस्तोवर.”

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. लेकीच्या घरी नातवंड आल्याशिवाय बाप तिथे पाणी पीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो मला म्हणाला! मला, ज्या मला आता कधी होणारच नव्हतं, आणि नदीकाठी हे त्याला मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. प्रभाकरच्या हातातला तांब्या मी घेतला आणि पाणी तुळशीत ओतून टाकलं. “बरं,” मी म्हणाले. “मग निघा तुम्ही. काम झालं तुमचं.”

“पोरगी सुटल्याबिगर नाई हलत,” तो म्हणाला आणि खांबाला टेकून बसला.

चार दिवस बसला. झोपायला शाळेच्या ओट्यावर, पाणी प्यायला गावच्या विहिरीवर, खायला सोबत आणलेली चटणी-भाकरी. मी त्याच्यासमोरून ये-जा करायची आणि एक शब्द बोलायची नाही. पारुल त्याच्याशी बोलायची. ती बंगालीत, तो आमच्या बोलीत, आणि दोघांचं चालायचं. एकदा ऐकलं, ती तिच्या गावाच्या नदीचं सांगत होती. पलीकडचा काठ दिसत नाही एवढी रुंद, असं हात पसरून दाखवत होती, आणि तो मान डोलावत होता.

तिसऱ्या दिवशी नाला दोन्ही काठ भरून गेला. अकरा नंबर तुटला, एसटी आमच्या दवाखान्यासमोरूनच परत फिरू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी पारुल म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी भाजी टाकून धावले. दवाखान्याच्या टेबलावर घेईपर्यंत पहिला झटका आला. डोळे पांढरे, दात घट्ट. चमचा, इंजेक्शन, ऑक्सिजनची नळी, सगळं हाताशी होतं. डॉक्टर हाताशी होते. माझे हात काम करत होते आणि माझं डोकं सारखं त्या काठावरच्या बाजेपाशी जात होतं. दुसरा झटका आला. मग तिसरा आला नाही. डॉक्टरांनी चिमटा लावला, आणि साडेतीनच्या सुमाराला एक निळसर पोर बाहेर आलं. रडेना. मी पायाला धरून उलटं केलं, पाठ चोळली, तोंडातलं पाणी ओढलं. “रड गं,” मी म्हणत होते. “रड, माझी माय, रड.”

आणि ती रडली. एवढं खरखरीत, एवढं रागीट रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पारुलला शुद्ध आली तेव्हा चार वाजले होते. मी पोर तिच्या कुशीत दिलं. तिने त्या चिमुकल्या कपाळाला नाक लावलं, वास घेतला, आणि विचारलं, “अकराची गाडी गेली?”

“गेली.”

“कुणी उतरलं?”

“नाही गं.”

तिने डोळे मिटले. “उद्या मला खिडकीशी बसव,” म्हणाली. तिचा बाप कधीच आला नाही. पुढे तिला आणखी दोन मुलं झाली, नातवंडं झाली. आता एसटी अकरा नंबरात थेट आत जाते, नाल्यावर पूल आहे. पण हॉर्न वाजला की ती अजून मान वळवते, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा अंगावरचं पातळ घामाने भिजलेलं. बाबा दवाखान्याकडे तोंड करून माझ्या ओसरीवर तसाच बसला होता. दिवसभरात विहिरीवरही गेला नव्हता, प्रभाकर म्हणाला. ओठांवर पांढरा थर आला होता.

“मुलगी झाली,” मी म्हणाले. “दोघी सुखरूप आहेत.”

त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“तुह्या घरी झाली ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“मंग पानी दे वो, अनसू.”

मी घरात गेले. माठातून तांब्या भरताना अर्धं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. त्याने दोन्ही हातांनी तांब्या धरला, वरून धार धरली नाही, ओठच लावले, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे केला.

“आजून दे,” म्हणाला.